डार्लीनच्या आवाजाला किती मार्क

"तुम्ही आयर्लंडला नक्की काय करत होता हो?" सोसायटीच्या हळदीकुंकवात अजूनही कुणीतरी विचारतंच. मी सांगते, "सात वर्षं बोलणी खात होते. आधी स्वतःच्या वाटची, मग दुसऱ्यांच्या वाटची." बाया हसतात आणि वाटली डाळ पुढे सरकवतात. माझं उत्तर मात्र शंभर टक्के खरं असतं.

माझा नवरा विवेक डब्लिनला सॉफ्टवेअरच्या नोकरीवर गेला आणि वर्षभराने, २००० साली, मीही गेले. डब्लिनच्या कडेला ब्लँचर्डस्टाउन म्हणून भाग आहे, तिथे मला एका कॉल सेंटरमध्ये काम मिळालं. प्रिंटर विकणारी कंपनी अमेरिकन, प्रिंटर घेणारं गिऱ्हाईक ब्रिटिश, आणि तो बिघडला की फोन उचलायला आम्ही आयर्लंडमध्ये बसलेलो. कागद अडकला, शाई पुसली जाते, कॉम्प्युटरला प्रिंटर दिसतच नाही, अशी गाऱ्हाणी दिवसभर कानात हेडसेट घालून ऐकायची. एक फोन संपला की कानात टुक्‌ वाजायचं आणि दुसरं गाऱ्हाणं सुरू. मध्ये श्वास घ्यायला मिळाला तर नशीब.

मी या कामाला अगदी तयारीनिशी गेले होते. त्या काळी पुण्यात कुणाच्या डोक्यात कुठून शिरलं होतं देव जाणे, पण चांगलं इंग्रजी म्हणजे अमेरिकन इंग्रजी, असं ठरूनच गेलं होतं. कर्वे रस्त्यावर चष्म्याच्या दुकानाच्या वर एक क्लास होता, तिथे मी तीन महिने उच्चार शिकले. शिकवणारे सर अमेरिकेला काय, मुंबईलासुद्धा नाइलाजाने जाणारे! पण शिकवायचे तळमळीने. तोंडात गरम बटाटा आहे असं समजून 'र' घोळवायचा, दातांत पेन्सिल धरून वाक्यं म्हणायची. मी घरी कुकरच्या शिट्ट्या मोजतानाही 'र' घोळवायची. सासूबाई तेव्हा आमच्याकडेच होत्या, त्यांनी एकदा फोनवर हळूच डब्लिनच्या विवेकला विचारलं, "दातबीत दुखतोय का रं तिचा?" वर्गात मला दुसरा नंबर मिळाला होता. पहिला हुकला याचं मला आजही वाईट वाटतं.

तर ही मी, दुसरा नंबर, ब्लँचर्डस्टाउनमध्ये बसून इंग्लंडातल्या म्हाताऱ्याकोताऱ्यांशी अमेरिकन बोलायला लागले. पहिल्याच आठवड्यात यॉर्कशरच्या एका निवृत्त गृहस्थांचा फोन आला. त्यांनी पाच मिनिटं माझं बोलणं ऐकून घेतलं आणि मध्येच थांबवलं.

"बाई, तुम्ही बसलाय कुठे?"

"डब्लिनला, सर."

"आयरिश आहात?"

"नाही सर, मी पुण्याची. म्हणजे इंडिया."

पलीकडे खुर्ची करकरली. मग म्हणाले, "मग मघापासून माझ्याशी हे बोलतंय कोण?"

आमचा टीम लीडर डेक्लन शेजारून ऐकत होता. कॉर्कचा माणूस, पोट धरून हसला. फोन संपल्यावर म्हणाला, "अनू, तू माझ्याशी बोलतेस तसं बोल ना त्यांच्याशी. ते ग्रँड आहे." आयर्लंडमध्ये सगळं ग्रँड असतं, चहापासून ऑपरेशनपर्यंत. मी अनुराधा, पहिल्या दिवसापासून त्यांची अनू झाले होते. दुसऱ्या दिवसापासून मी माझं भावे स्कूल छाप इंग्रजी बोलायला लागले. लोक खूश झाले असं नाही, पण मला कोण बोलतंय ते कळायला लागलं. तीन महिन्यांचा घोळवलेला 'र' मी गुंडाळून ठेवला आणि वरवर सगळ्यांबरोबर हसले. आतून मात्र फार लागलं होतं.

ब्रिटिश लोकांना अमेरिकन बोलणं का खुपतं, यावर मी मग बराच विचार केला. माझं काम म्हणूनच केला, कारण दोन वर्षांनी मला 'क्वालिटी'त टाकलं. क्वालिटी म्हणजे फोन उचलायचे नाहीत. इतरांचे रेकॉर्ड झालेले कॉल ऐकायचे आणि फॉर्मवर मार्क द्यायचे. नमस्कार कसा केला, ऐकून घेतलं का, समजावलं कसं, आवाज कसा होता. वर कंपनी गिऱ्हाइकांकडूनही मार्क मागवायची. शाळेत मास्तरीण व्हायचं माझं स्वप्न असं कान दुखवून पूर्ण झालं.

तर मला कळलेलं असं. ब्रिटिश माणसाला अमेरिकन आवाज ऐकू आला की पहिला संशय येतो, की आता हा आपल्याला काहीतरी विकणार. दुसरं, त्यांना तो आनंद सोसत नाही. सरे परगण्यातल्या एका निवृत्त हेडमास्तरांनी आम्हाला लेखी पत्र पाठवलं होतं, "माझा प्रिंटर बंद पडला आहे हे ऐकून तुमच्या कर्मचारी 'ग्रेट' म्हणाल्या. यात ग्रेट काय आहे?" शिवाय ओळख ना पाळख, थेट नावाने हाक मारणं. मी फोन उचलत होते तेव्हा एकदा एका बाईंना विचारलं, की टीव्हीवर तर तुम्ही सगळे अमेरिकन मालिकाच बघता ना? त्या म्हणाल्या, "अहो, पण टीव्हीतली माणसं मला मार्गरेट म्हणत नाहीत."

पण हेही तितकं सरळ नाही. फोन लावला की आधी 'एक दाबा, दोन दाबा' सांगणारा रेकॉर्ड केलेला आवाज अमेरिकन बाईचा होता. लोक त्या मशीनला शिव्या घालायचे, आणि आम्हाला त्या शब्दन्‌शब्द ऐकू यायच्या. शेवटी कंपनीने तो बदलून स्कॉटिश बाईचा आवाज घातला. पहिल्याच आठवड्यात तक्रार आली, "आधीची बरी होती, निदान तिला घाई तरी नव्हती." डेक्लनने कपाळावर हात मारून घेतला. "या लोकांना काय हवंय तरी काय, अनू?" मी म्हटलं, "चालणारा प्रिंटर."

आणि मग आमच्याकडे डार्लीन आली.

डार्लीन खरीखुरी अमेरिकन, ओहायोची. वय अठ्ठेचाळीस, आयरिश नवरा, घर डब्लिनबाहेर नावन गावाजवळ. तिचा नवरा ईमन छपरं शाकारायचं काम करायचा. एका छपरावरून पडून त्याच्या पाठीचं हाड मोडलं होतं आणि वर्षभर त्याने अंथरुणातून उठायचं नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. घरात तिचा एकटीचा पगार, आणि तोही आमच्याकडे सहा महिन्यांच्या परीक्षेवर. सहा महिन्यांनी मार्क बरे असले तर नोकरी पक्की, नाहीतर टाटा.

बाई मोठी झकास होती. दुपारी कँटीनमध्ये ती माझ्याच टेबलावर बसायची. माझी पोळी-भाजी पहिल्या दिवशी चाखली आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतःच्या सँडविचमध्ये माझं लिंबाचं लोणचं घालायला लागली. मोठ्याने हसायची, मोठ्याने बोलायची, आणि काय तो 'र'! कसलाही गरम बटाटा न धरता, जन्मजात. ती बोलायला लागली की मला चष्म्याच्या दुकानावरचा तो वर्ग आठवायचा.

फोनवर तिचे चाहतेही होते. लिंकनशरच्या एक ऐंशीच्या आजीबाई, युद्धात गावाजवळच्या विमानतळावरच्या अमेरिकन पोरांबरोबर नाचलेल्या, त्या दर आठवड्याला फोन करून 'ती अमेरिकन पोरगी' मागायच्या. प्रिंटर त्यांचा ठणठणीत होता. मीच ऐकून खात्री केली होती. 'पोरगी' म्हटलं की डार्लीन दिवसभर हवेत असायची.

तरीही गिऱ्हाइकांनी तिला दिलेले मार्क वाईट यायला लागले. प्रिंटर दुरुस्त, काम चोख, मार्क मात्र पाचात दोन. सरेचे ते हेडमास्तर तिचेच! सहावा महिना संपत आला तेव्हा अमेरिकेहून विचारणा झाली, की ब्रिटनचे मार्क का घसरतायत? डेक्लन माझ्याकडे आला. "क्वालिटी तू आहेस, शुक्रवारपर्यंत काय ते लिहून दे."

मी लिहिलं. बारा रेकॉर्डिंग निवडली, प्रत्येकाखाली मुद्दे काढले, आणि शेवटी ठणठणीत निष्कर्ष काढला: ब्रिटिश ग्राहकांना अमेरिकन उच्चार रुचत नाही, सबब सदर कर्मचाऱ्यास ब्रिटिश लाइनवर ठेवू नये. आमच्याकडे दुसरी लाइनच नव्हती. म्हणजे डार्लीन घरी. हे मला लिहितानाही माहीत होतं. मी स्वतःची समजूत घातली की आपण आपलं काम केलं. शुक्रवारी दुपारी तिच्या डब्यात लोणचंही वाढलं, हे मुद्दाम सांगते, म्हणजे मी काय चीज आहे ते कळेल.

त्या उन्हाळ्यात सासूबाई साताऱ्याहून आमच्याकडे राहायला आल्या होत्या. रविवारी आम्ही त्यांना नावनला घेऊन गेलो. तिथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर असलेली शुभदा आमच्या ओळखीची. तिने कांदेपोहे केले, बाग दाखवली, सगळं छान चाललंय म्हणाली. पाच वाजता आम्ही "येतो हं" म्हणून उठलो. आता मराठी घरातलं हे 'येतो' म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. कोट चढवले, बूट घातले, दार उघडलं, आणि दारातच अर्धा तास. विवेक गाडीची किल्ली खुळखुळवून दमला. त्या अर्ध्या तासात, दाराच्या कडीवर हात ठेवून, शुभदाने सासूबाईंना सांगितलं की चार महिने झाले, आई माझ्याशी फोनवर बोलत नाही, मी इकडे लग्न ठरवलं म्हणून. आणि रडली. सासूबाईंनी बूट घातलेल्या अवस्थेतच तिला जवळ घेतलं.

गाडीत मी म्हटलं, "दोन तास बसलो होतो, तेव्हा एक अक्षर बोलली नाही."

सासूबाई म्हणाल्या, "बसल्या जागी कोन खरं बोलतंय व्हय? पावनं उठलं की मग त्वांड उघडतं मानसाचं."

माझ्या डोक्यात दुसरंच काहीतरी ठणकायला लागलं होतं.

सोमवारी सकाळी लवकर जाऊन मी तीच बारा रेकॉर्डिंग पुन्हा लावली, पण या वेळी फक्त शेवटचा भाग. प्रिंटर चालू झालेला. गिऱ्हाईक म्हणतं, "बरं तर मग..." आणि थांबतं. डार्लीन त्या थांबण्यावर झडप घालते, "ग्रेट! तुमचा दिवस अगदी मस्त जावो!" आणि कट. दुसरा कॉल, तेच. तिसरा, तेच. हेडमास्तरांच्या कॉलमध्ये तर त्यांनी श्वास घेतलेला ऐकू येतो, "खरं म्हणजे मला..." आणि फोन बंद. नंतर आमच्या आयरिश पोरांचे कॉल काढले. ती मंडळी फोन ठेवताना बाय बाय बाय बाय म्हणत अर्धा मिनिट दारातच उभी असतात. त्या अर्ध्या मिनिटात माणसं म्हणतात, "आता आहातच तर एक विचारू का?" म्हणजे हे ब्रिटिश अगदी आपल्यासारखे! खरं बोलणं बूट घातल्यावर. डार्लीनच्या गावाकडे काम झालं की दार लावतात, त्यात त्यांना काही वावगं वाटत नाही. हिने सगळ्यांच्या तोंडावर प्रेमाने दार लावलं होतं. आणि राग कशाचा आलाय हे त्यांनाही सांगता येईना, म्हणून तो त्यांनी उच्चारावर आणि 'ग्रेट'वर काढला.

तिला घरी पाठवायचं पत्र त्याच दिवशी निघणार होतं. माझ्या वर्क परमिटच्या नूतनीकरणाचा फॉर्म डेक्लनच्या टेबलावर सहीसाठी पडला होता, आणि मला नव्या टीमची लीडर करायचं त्याच्या मनात आहे हेही मला ठाऊक होतं. खोटं कशाला बोलू, मी त्याच्या केबिनच्या दारापर्यंत जाऊन दोनदा चहा घ्यायला परत गेले. तिसऱ्यांदा मात्र आत शिरले आणि एका दमात सांगून टाकलं, "डेक्लन, माझा रिपोर्ट चुकलाय."

त्याने सगळं ऐकून घेतलं. हेडमास्तरांचा श्वासही ऐकला. मग म्हणाला, "ही बारा रेकॉर्डिंग कुणी निवडली?"

"मी."

"ती लिंकनशरची म्हातारी तिला दर आठवड्याला मागते. ती नाही का यात?"

आजीबाईंचा कॉल माझ्या हातात आला होता आणि अपवाद म्हणून मी तो बाजूला ठेवला होता. असे एकूण सात अपवाद बाजूला ठेवले होते.

"अनू, पहिला रिपोर्ट चुकीचा होता असं तुझ्या नावाने लिहून दे. तो अमेरिकेला जाईल," डेक्लन म्हणाला. मी परमिटच्या फॉर्मकडे बघतेय हे त्याच्या लक्षात आलं असावं. तो तिथेच सही करत म्हणाला, "अगं वेडी आहेस का? याचा त्याच्याशी काय संबंध?" टीम लीडर मात्र पुढच्या महिन्यात दुसरीच मुलगी झाली, आणि ते योग्यच होतं.

डार्लीनला दोन महिने वाढवून मिळाले. मी तिच्या शेजारी बसून तिला निरोप घ्यायला शिकवलं. "काम झालं की गप्प बसायचं. टेबलाखाली पायाची बोटं मोज. दहा झाल्याशिवाय बोलायचं नाही." बिचारीला ते अतोनात जड गेलं. गप्प बसताना तिचे कान लाल व्हायचे. पण जमलं! हेडमास्तरांना तिने आपणहून फोन लावला आणि सगळी दहा बोटं मोजली. तेव्हा कुठे ते म्हणाले, की त्यांची नजर अधू होत चाललीय आणि पत्रं मोठ्या अक्षरांत छापायची आहेत. वीस मिनिटं बोलले. शेवटी म्हणाले, "तुम्ही फार उत्साही आहात, पण हरकत नाही." ब्रिटिश माणसाकडून याच्या वर काही मिळत नसतं.

तिचे मार्क चढले आणि नोकरी पक्की झाली. ईमनही काठी घेऊन चालायला लागला होता. त्या दिवशी तिने केक आणला आणि सगळ्या मजल्यासमोर माझा हात धरून तिच्या त्या खणखणीत आवाजात सांगितलं, "ही नसती तर मी आज इथे नसते!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. डेक्लन तेवढा खिडकीतून बाहेर बघत होता. मी माझा केकचा तुकडा तसाच बशीत ठेवून दिला.

दुपारी कँटीनमध्ये मी तिला सांगितलं, "डार्लीन, तुला काढायचा रिपोर्टही मीच लिहिला होता. ब्रिटिशांना तुझा उच्चार आवडत नाही, असं लिहिलं होतं मी."

तिने हातातलं सँडविच खाली ठेवलं. "त्यांनी तसं सांगितलं होतं तुला?"

"काहींनी."

"आणि बाकीच्यांनी?"

"बाकीच्यांचे कॉल मी रिपोर्टात घेतलेच नाहीत."

ती माझ्याकडे बघत राहिली. आणि या वेळी गप्प बसायला तिला मुळीच जड गेलं नाही. मग माझंच तोंड उघडलं. "मला आवडत नव्हता तुझा उच्चार. मी पेन्सिल दातात धरून शिकले, तो इथे येऊन टाकून द्यावा लागला. तू आलीस आणि दिवसभर बिनधास्त तसंच बोलत राहिलीस. मला सहन होत नव्हतं. नाव ब्रिटिशांचं घातलं, पण त्या रिपोर्टात होते ते माझे मार्क होते."

डार्लीन फार हळू बोलली. "आठ महिने आपण रोज एका टेबलावर जेवतोय, अनू. मला एकदा सांगायचंस. मी न बोलता जेवले असते."

तिने ट्रे उचलला. भांडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर मला फार बरं वाटलं असतं. दुसऱ्या दिवसापासून ती खिडकीजवळच्या टेबलावर बसायला लागली. जिन्यात भेटली की "हाय अनू" म्हणायची, तेही तोंडभरून, सगळ्यांना म्हणायची तसंच. मी दोनदा लोणचं नेऊन दिलं. तिने थँक्यू म्हणून घेतलं, पण बस म्हणाली नाही.

आम्ही पुण्याला परतलो तोवर, आणखी चार वर्षं, तिचे कॉल तपासायचं काम माझ्याकडेच होतं. दर महिन्याला मी हेडसेट लावायची आणि ती माझ्या कानात बोलायची, हसायची, लिंकनशरच्या आजीबाईंना नाचाच्या गोष्टी विचारायची. फॉर्मवर 'आवाज' या रकान्यात मी तिला दरवेळी पैकीच्या पैकी मार्क दिले, आणि त्यात उपकार नव्हते. कॉल संपला तरी कधीकधी मी तो पुन्हा पहिल्यापासून लावायची, नुसताच ऐकायला. तो आवाज मला आवडायला लागला होता. तो फॉर्म फक्त डेक्लनकडे जायचा, डार्लीनला तो कधी दिसायचा नाही.